यादीत नसलेलं नाव

१

काल संध्याकाळी औषध मारलेल्या खड्ड्यात आज सकाळी वाळवी ऐटीत फिरत होती.

शोभाबाईंच्या नव्या घराचा तो पाया. माती अजून ओली होती, वर दुधासारखा पांढरा थर होता आणि त्या थरावरूनच वाळवीची रांग चालली होती. सपनाताईंनी चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली.

"फिनाइल," त्या म्हणाल्या. "पांढरं फिनाइल अन् पाणी. संडास धुवाचं सामान हाय हे."

सपनाताई म्हणजे माझी मोठी जाऊ. मी मयुरी, धाकटी. घराच्या पायाला वाळवीचं औषध मारायचं काम आम्ही दोघी जावा मिळून करतो. वर्ध्याला चिकटून असलेल्या आमच्या जांभळी मेघेत सध्या जिकडे पाहावं तिकडे घरं उठतायत. पाया खणला की तो बुजायच्या आत औषध पडलं पाहिजे. नाहीतर मग चौकटी पोखरल्या की बसा कपाळाला हात लावून. म्हणजे आमचं गिऱ्हाईक फार तर चार दिवसांचं. ते चार दिवस नेमके पकडायची युक्ती ताईंची.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर बांधकाम परवानगीची यादी लागते. कोणाला परवानगी मिळाली, प्लॉट कोणता, बांधणार काय. यादी साऱ्या गावासाठी असते, पण गाव त्या फलकाला सायकली टेकवून ठेवतं. ताई मात्र वही घेऊन उभ्या राहतात. 'आवारभिंत' सोडायची, 'वाढीव मजला' सोडायचा, 'नवीन तळमजला' दिसला की लिहून घ्यायचं आणि खोदकामाच्या आधी त्या घरी जाऊन बसायचं. दोन वर्षं आमच्या दोघींच्या चुली त्या कागदावर पेटल्या आहेत.

शोभाबाईंकडेही आम्ही यादी वाचूनच गेलो होतो. ताईंनी विचारलं, "सरिताबाईंचा प्लॉट हाच काय?"

"कोण सरिता?" शोभाबाई म्हणाल्या. "इथी कोणी सरिता नाई." मग जीभ चावून हसल्या. "अवं बाई, मीच तं! माहेरचं नाव हाय ते. आधारवर तेच राह्यलं. इकडे मले समदे शोभाच म्हणते."

मीही हसले. नंतर हसायला फार काही उरलं नाही.

"पण तुमी आज काऊन आल्या?" शोभाबाईंनी विचारलं. "काल तुमचा माणूस येऊन औषध मारून गेला ना."

"आमचा माणूस?"

"हव. टोपी घातलेला, तोंडाले फडकं, पाठीवर पंप. पंचायतीच्या यादीतून आलो म्हणे. हे पाहा, पावतीबी देल्ली."

पावती छापील होती. 'वाळवी प्रतिबंधक फवारणी' एवढंच वर. ना पत्ता, ना फोन. खाली पेनाने लिहिलं होतं: सौ. शोभाबाई, प्लॉट नंबर चौदा.

शोभाबाईंनी एकदा खड्ड्यात पाहिलं, एकदा आमच्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. "यादी वाचनाऱ्या तं गावात तुमी दोघीच," त्या हळूच म्हणाल्या.

२

मंगळवारी पंचायतीसमोर एक नाही, पाच घरची माणसं उभी होती. पाचही घरी तोच टोपीवाला, तेच फिनाइल, तशीच पावती. चार घरांचा पाया तर केव्हाच बुजला होता.

"या बायांनीच कोणाले तरी लावलं असन," एकाने सुरुवात केली, आणि मग काय, तोंडसुख घ्यायला सगळेच पुढे. मला असा संताप आला की हातातला पंप कोणाच्या तरी डोक्यात घालावा. ताईंनी माझं मनगट दाबून धरलं होतं, म्हणून एक डोकं वाचलं.

आमची बाजू घेतली ती एकट्या योगेंद्रभाऊंनी. चौकातलं पूजा भांडार त्यांचं. आम्हाला पाणी दिलं आणि गर्दीला म्हणाले, "बायांवर काऊन ओरडून राह्यले? त्यायची काय चूक? चूक त्या यादीची हाय. काढून टाका ती, झंझट खतम."

गर्दीला ते पटलं. सरपंच वच्छलाबाई खुर्चीतून उठल्या. बाई सरळ आहेत, पण एकदा बोलल्या की बोलल्या.

"सपना, शनिवारी ग्रामसभा हाय," त्या म्हणाल्या. "तोवर हा माणूस कोण हाय ते सांग. नाई सांगता आलं, तं यादी फलकावरून उतरन. मले लोकायची घरं पाहाची हाय."

यादी उतरली की आमचं काम संपलं, हे त्यांनाही माहीत होतं. घरी येताना मी रडले. खोटं कशाला सांगू, रस्त्यातच रडले.

"रडून झालं काय?" ताई म्हणाल्या. "झालं असन तं त्या पाचही पावत्यायचे फोटो घेऊन ये."

३

बुधवारी सकाळी आम्ही आधी नीरजकडे गेलो. पंचायतीत संगणकावर बसतो तो. यादी तोच टाइप करतो, म्हणजे फलकाच्या आधी ती त्याला दिसते. माझा संशय त्याच्यावरच होता.

"मी कोणाले यादी देत नाई, ताई," तो रडकुंडीला आला. "अर्ज येते, आधारवरचं नाव जसंच्या तसं टाकतो. एक मात्रा चुकली तरी संगणक अर्ज वापस करते. यातल्या अर्ध्या बाया मले रस्त्यात भेटल्या तं ओळखूबी येनार नाई."

मग भूपेंद्रभाऊंचं हार्डवेअरचं दुकान. सिमेंट, गज, फवारणीचे पंप, आणि कोपऱ्यात फिनाइलचे पाच-पाच लिटरचे डबे. डबे पाहून मी ताईंना कोपर मारलं.

"आलं ध्यानात," भूपेंद्रभाऊ म्हणाले. "पहिले दिवसापासून सांगतो, हे बायायचं काम नाई. पन म्हनून मी फिनाइल शिंपडत फिरतो काय? अवं, फिनाइल तं साऱ्या गावात भेटते."

"कोनाचा पाया कवा खोदला जाते, हे तुमाले माहीत राहते," ताई म्हणाल्या.

"राहते ना. सिमेंटची गाडी मीच धाडतो. या पाचांतल्याच बंडूजीची गाडी भरूनबी झालती. तेवढ्यात फोन आला, घरी सुतक पडलं, काम थांबलं. समदी गाडी उतरवा लागली." त्यांनी बिलाची वही आमच्यापुढे आपटली. "पाहा, पाची घरं हाय. बोला, काय चोरलं?"

ताईंनी वही पाहिली. पाचही बिलं नवऱ्यांच्या नावावर होती. वही मिटून त्यांनी चक्क "चुकलं आमचं" म्हटलं. मला ते आवडलं नाही, पण ताई तशाच आहेत.

शेवटी बंडूजींचं घर. बंडूजींची बायको शालूबाई बाहेर येऊन बोलली. राग होता, पण तिने आम्हाला बसायला सतरंजी टाकली.

"तो मेला दोनदा आला," शालूबाई म्हणाली. "आमचा मुहूर्त सोमवारचा होता. शनिवारी यांचे काका वारले, सुतक पडलं. मुहूर्त पुढं गेला. अन् हा मंगळवारी पंप घेऊन हाजर! रिकाम्या प्लॉटवर खड्डा शोधून राह्यला होता. शेजारीन हासली त्याले. तिनंच सांगतलं, सुतक फिटल्यावर येजो. मंग बरोब्बर आला."

"पहिल्या खेपेले त्याले सुतकाचं माहीत नवतं?" ताईंनी विचारलं.

"माहीत असतं तं उन्हातान्हात येऊन हसं करून घेतलं असतं काय?"

ताई उठल्याच. चहा येत होता, तो घ्यायलाही थांबल्या नाहीत, आणि आमच्याकडे चहा न घेता उठणं म्हणजे भांडणच.

४

घरी ताईंनी पाचही पावत्यांचे फोटो आणि वहीत उतरवलेली यादी समोरासमोर ठेवली.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. पाचांतली दोन नावं पुरुषांची. ती यादीत आणि पावतीवर सारखीच होती. पुरुषाचं नाव कोण कशाला बदलतंय? उरलेली तीन घरं बायकांच्या नावावर. बाईच्या नावाने जागा घेतली की नोंदणीत सूट मिळते, म्हणून हल्ली नवऱ्यांना बायकोची फार आठवण येते. यादीत होतं सरिता, पावतीवर शोभाबाई. यादीत सुनीता, पावतीवर शालूबाई. तिसरीचंही तसंच.

"तुले लग्नाच्या आंधी काय म्हनत?" ताईंनी विचारलं.

"अंकिता. इथी आली, ताटातल्या तांदळात यायनं मयुरी लिहिलं, झाली मयुरी. बँकेत अजून अंकिताच हाय."

"मंग यादी वाचून तुह्याकडे आलेला माणूस कोनाच्या नावानं पावती फाडन?"

आम्हीच तर शोभाबाईंना सरिता म्हणून हाक मारली होती! यादी वाचणारा माणूस तेच म्हणाला असता. या टोपीवाल्याने यादी पाहिलीच नव्हती. यादीचं नाव त्याने नुसतं तोंडी घेतलं होतं, म्हणजे बोट आमच्याकडे जावं.

"म्हणजे नीरज सुटला," मी म्हटलं. "अन् भूपेंद्रभाऊबी. त्यायच्याकडे तं नवऱ्यायची नावं. अन् सुतक बी माहीत होतं त्यायले."

"आता सांग, बाईचं सासरचं नाव, प्लॉट नंबर अन् मुहूर्त, हे तिन्ही एका ठिकानी कोनाजवळ असते?"

मला उत्तर आलं, पण उच्चारायची हिंमत होईना. पाचही घरची भूमिपूजनं अण्णाजींनी केली होती. गावातले गुरुजी. माझं लग्नसुद्धा त्यांनीच लावलं होतं.

अण्णाजी ओसरीवर पंचांग घेऊन बसले होते. ताईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, आणि अण्णाजी रागावले नाहीत.

"सुतक पडल्याबरोबर बंडूजीचा पहिला फोन मलेच आला," ते म्हणाले. "दुसरा मुहूर्त मीच काढून देल्ला. मले ठाऊक असताना मी मानूस कायले धाडीन?"

"अन् पूजेचं सामान?"

"ते शुक्रवारीच घरी पोचलं होतं. तेच मंग वापरलं."

"सामानाच्या यादीत बाईचं नाव कोनतं लिहिता, अण्णाजी?"

"घरी जे म्हनते ते. संकल्प सोडताना मी आधार कार्ड मागू काय?"

ताईंनी पुढे सरकून अण्णाजींना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. अण्णाजींनी कानांना हात लावले. "खोटा मुहूर्त? पाप लागन मले!"

"मुहूर्त खरा काढा जी," ताई म्हणाल्या. "पूजाबी खरीच करा. जमिनीची पूजा केल्यानं कोनाचं वाईट होते?"

५

गुरुवारी सकाळी एकतीस नंबरच्या रिकाम्या प्लॉटवर अण्णाजींनी खरोखरीची पूजा केली. प्लॉट सरपंच वच्छलाबाईंचा. ताईंनी त्यांच्या घरी जाऊन काय सांगितलं ते मला कळू दिलं नव्हतं. पण पूजेला बाई स्वतः बसल्या आणि दुपारी दोन मजूर लावून पायाची हातभर नालीही खणून घेतली.

शुक्रवारी सकाळी त्या नालीच्या काठावर मी बसले होते. डोक्यावरून पदर, हातात विळा. शेजारच्या अर्धवट भिंतीआड ताई आणि वच्छलाबाई. ऊन चढत होतं आणि मला एकीकडे भीती वाटत होती, एकीकडे हसू येत होतं.

दहाच्या सुमाराला टोपीवाला आला. तोंडाला फडकं, पाठीवर पंप.

"पंचायतीच्या यादीतून आलो, बाई," तो म्हणाला. "तुमची परवानगी मंजूर झाली ना. वाळवीचं औषध माराचं हाय."

"कोनाच्या नावानं?" मी पदराआडून विचारलं.

त्याने खिशातून पावती काढली. ती आधीच लिहिलेली होती. "सौ. तानाबाई. तुमीच ना?"

"मी नाई," मी म्हटलं. "अन् असं कोनी नाईच."

भिंतीआडून वच्छलाबाई बाहेर आल्या. तो मागे फिरला तर समोर ताई. पाठीवर वीस लिटरचं ओझं घेऊन पळणार कुठे? फडकं खाली ओढलं तेव्हा तिशीतला एक अनोळखी चेहरा दिसला, घामाने डबडबलेला. कुठला म्हटल्यावर "नाचणगाव" म्हणाला. कोणी धाडलं म्हटल्यावर मात्र तोंड शिवलं.

"नको सांगू," ताई म्हणाल्या. "उद्या मी सांगते."

६

शनिवारच्या ग्रामसभेला एवढी माणसं मी आजवर पाहिली नव्हती. टोपीवाला कोपऱ्यात मान घालून बसला होता.

ताई उभ्या राहिल्या. त्यांनी पावत्यांवरची नावं वाचून दाखवली, यादीतली वाचून दाखवली. बायका लगेच हसल्या. पुरुषांना जरा वेळ लागला.

"ज्याले बाईचं सासरचं नाव माहीत, पन कागदावरचं नाई. ज्याले मुहूर्त माहीत, पन मुहूर्त मोडला हे माहीत नाई," ताई म्हणाल्या. "बंडूजीच्या घरचं सुतक अण्णाजीले ठाऊक होतं, भूपेंद्रभाऊले ठाऊक होतं. एकाच मानसाले कोनी कळवलं नाई. काऊन कळवन? त्याचं सामान तं आधीच घरपोच झालं होतं."

ताईंनी वहीचं पान उलटलं.

"तानाबाई नावाची बाई एकतीस नंबरच्या प्लॉटवर नाई. पंचायतीच्या यादीत नाई. ते नाव मी बुधवारी अण्णाजीच्या ओसरीवर बसून काढलं. अण्णाजीनं ते एकाच ठिकानी धाडलं, पूजेच्या सामानाच्या यादीत, मोबाइलवरून. अन् शुक्रवारी ते नाव पावतीवर छान अक्षरात लिहून आलं."

सगळ्या माना एकदम एकीकडे वळल्या. योगेंद्रभाऊ भिंतीला टेकून उभे होते. आम्हाला पाणी पाजणारे, बाजू घेणारे योगेंद्रभाऊ. मला राग यायला हवा होता, पण आधी वाईटच वाटलं.

"तो माहा साळा हाय," ते खाली बघत म्हणाले. "त्याले काम नाई. माह्या दुकानात गिऱ्हाईक नाई, समदे मोबाइलवर सामान मागवते. या दोघी यादी वाचून कामं काढते, हे पाहून वाटलं, आपल्याजवळबी तं यादी येते. औषध महाग पडलं, म्हनून..."

"म्हनून फिनाइल," वच्छलाबाई म्हणाल्या. "तक्रार ठान्यात जाईन ते जाईनच. पन त्याच्या आंधी चारी घरांचा पाया तू नीट करून देशीन. सपना, आता होते काय काही?"

"होते," ताई म्हणाल्या. "भिंतीच्या कडेकडेनं भोकं पाडून आत औषध सोडता येते. मेहनत लय हाय. दोन मानसं लागन." त्यांनी कोपऱ्यातल्या टोपीवाल्याकडे पाहिलं. "हा येऊ द्या. पंप तं चालवता येते त्याले. औषध मी देईन, अन् डोळ्यासमोर ठेवीन."

मी ताईंच्या कानाशी लागले, "डोकं फिरलं काय तुमचं?" त्यांनी ऐकलं नाही. ऐकतील कशाला?

कोणीतरी मागून विचारलं, "अन् यादीचं काय?"

वच्छलाबाई सभेकडे वळल्या. "यादी राहीन. आपल्याच गावची यादी आपन वाचत नाई, म्हनून कोनीबी येऊन तिचं नाव घेते अन् आपन मान हालवतो. ज्या दिवशी तो म्हनला यादीतून आलो, त्या दिवशी पंचायतीत येऊन एकानं तरी पाहिलं काय?"

कोणी पाहिलं नव्हतं. शोभाबाईंनी मान खाली घातली, मग तीच वर करून ताईंना म्हणाल्या, "माहा खड्डा उघडाच हाय. उद्या येता काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचा पाया धुऊन काढला आणि खरं औषध मारलं. त्यानंतरचे पंधरा दिवस त्या टोपीवाल्याने चार घरांभोवती भोकं पाडली. टोपी मी त्याला घालू दिली, तोंडावरचं फडकं नाही. कामाला तो बरा निघाला, हे मला कबूल करावं लागतं.

७

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही नेहमीप्रमाणे दहाला पंचायतीत पोचलो, आणि मी जागच्या जागी थबकले.

फलकासमोर गर्दी होती. फरशी बसवणारा एकजण, वायरिंग करणारे दोघे, रोपवाटिका चालवणारी सून आणि तिची सासू, खिडक्यांच्या जाळ्या करणारा, आणि चक्क भूपेंद्रभाऊ, चष्मा कपाळावर चढवून. प्रत्येकाच्या हातात काही ना काही लिहायला होतं. एकाने तर हातावरच प्लॉट नंबर लिहिले होते.

"घ्या," मी ताईंना म्हटलं. "झालं आपलं वाटोळं. दोन वर्षं सांभाळलेली युक्ती साऱ्या गावाले फुकटात वाटली."

"युक्ती काय त्यात? कागद साऱ्यायचाच होता," ताई म्हणाल्या. "अन् ते फरशीवाले आपलं काम हिसकनार हाय काय? उलट आपल्याले सांगन, कुठी पाया खोदून राह्यले ते."

रोपवाटिकेवाली सासू बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती. "काय वं सपना, हे 'वाढीव मजला' म्हनजे बाग लावनारा असते काय?"

"नाई मावशी, ते सोडा. 'नवीन तळमजला' पाहा, अन् शेवटच्या रकान्यात मोकळी जागा किती ते पाहा. जिथं जागा जास्त, तिथी झाडं लावन." ताईंनी तिला रकाने समजावले, मग वायरिंगवाल्यांना, मग भूपेंद्रभाऊंनाही, तेही आढेवेढे न घेता.

एव्हाना मागून आणखी माणसं आली आणि ताई गर्दीच्या बाहेर ढकलल्या गेल्या. दोन वर्षं त्या फलकासमोर त्या एकट्याच उभ्या राहायच्या. आज त्यांना टाचा उंच करूनही यादी दिसेना. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर बाई हसत होत्या, लहान पोरीसारख्या, तोंडावर हात ठेवून.

"अवं, सरका ना जरा," त्या ओरडल्या. "मलेबी वाचू द्या!"